अर्धी रेषा

प्रिय धाकटे,

पत्र आणणाऱ्या बाईंना आधी आत बोलाव आणि बसायला खुर्ची दे. त्या लगेच जाणार नाहीत. मीच त्यांना थांबायला सांगितलं आहे. का, ते पुढे येईल. हातात पुस्तक आलं की शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला कधीच आवडली नाही आणि त्यापायी तू माझी पुष्कळ बोलणी खाल्लीस. आज ती खोड खुशाल चालव. मी काही म्हणणार नाही.

इकडचं आधी सांगते. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढल्यावर कुरकुरणार नाही तर काय करेल? मागच्या खोलीच्या खिडकीची फुटकी काच शेवटी बदलून घेतली. कारखान्यातले आपले मिस्त्री रोज सकाळी आठच्या ठोक्याला येतात, चपला बाहेर काढतात, स्टुलावर बसतात आणि घासायची लोखंडी पाटी फडक्याने पुसत राहतात. काम काही नसतं. पुसून पुसून पाटीचा आरसा झाला आहे. घरी जा म्हटलं तर म्हणतात, "सून विचारते, आज लवकर कसे आलात? तिला काय सांगू?" मग मी त्यांच्यासाठी चहा टाकते. कामाच्या वेळी मी कुणाला चहा पाजते, असं तू कधी पाहिलं आहेस का? मलाही हे नवीनच आहे.

तुमच्या ऑक्सिजनच्या यंत्रात आपल्या कारखान्याचं नेमकं काय असतं, असं तू मला एकदा विचारलं होतंस. "तुला कळायचं नाही," म्हणून मी तुला उडवून लावलं होतं. ते चुकलं. त्यात न कळण्यासारखं काही नाही. यंत्राच्या पोटात मनगटी घड्याळाएवढ्या दोन चकत्या एकमेकींवर टेकून फिरतात. दोघींच्या मध्ये हवेला फट सापडता कामा नये. म्हणून त्या जोडीनेच घासायच्या, पाटीवर हात गोल गोल फिरवत, एक दिवस एक जोडी. मग वर तपासणीची काच ठेवायची. काचेखाली रंगीत रेषा उमटतात. चकती सपाट असेल तर रेषा सरळ, नसेल तर बाक आलेल्या. बाकीच्या कारखान्यांत दोन रेषांइतका बाक चालतो. आपल्याकडे अर्धी रेषा. त्याहून जास्त बाक असलेली जोडी मी एकतीस वर्षांत दाराबाहेर जाऊ दिली नाही. प्रत्येक जोडीबरोबर एक चिठ्ठी जाते. तिच्यावर जोडीचा क्रमांक, किती बाक भरला तो आकडा, आणि खाली माझ्या अक्षरात "मोजलं, तपासलं, खरं आहे" आणि सही.

ती चिठ्ठी तुझ्या नवऱ्याने, त्या पीठवाल्याने, यंत्राच्या पाठीवरून सोडवून पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवली आहे, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. "मापवालीने खरं आहे म्हटलंय, म्हणजे आपण जगतो," असं तो म्हणाला होता म्हणे. मीही तेव्हा हसले. हल्ली ती चिठ्ठी मला रोज आठवते. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेही आठवतं. पावाच्या भट्टीवरून तसाच उठून आला होता, भुवयांसकट पांढरा. मी त्याच्या तोंडावर तुला विचारलं, हा माणूस आहे की पिठाचं पोतं? तर हा निर्लज्जासारखा म्हणतो, "ताई, पोत्याला तुमची बहीण पसंत आहे." मी नाही म्हणाले. तू ऐकलं नाहीस आणि लग्न करून सीमेपलीकडे गेलीस. तेव्हा सीमा म्हणजे एक आडवा बांबू आणि जांभया देणारा एक शिपाई. दर रविवारी तुम्ही दोघं गरम पाव घेऊन यायचात आणि तो माझ्या टेबलावर पाव ठेवून म्हणायचा, "मापवाली, मोजून घ्या, वाकडा निघाला तर परत नेतो." त्याला मी त्याच्यासमोर कधी चांगलं म्हटलं नाही. पाव मात्र सगळा खायची. तेच पीठ वर्षानुवर्षं त्याच्या छातीत साठत होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

चार वर्षांपूर्वी मंत्रालयातून एक छापील अर्ज आला होता. आपल्या कारखान्यात जास्तीत जास्त किती अचूक काम होतं ते लिहा, असं त्यात होतं. मिस्त्री म्हणाले, "बाई, दोन रेषा लिहा. सगळे दोनच लिहितात. जास्त हुशारी कशाला?" मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. जे आहे ते लिहायचं, म्हटलं. आणि लिहिलं, अर्धी रेषा. खाली दोनदा अधोरेखित केलं. मला अभिमान होता, हे तुझ्यापासून काय लपवू?

यंदा नवी यादी निघाली. सीमेपलीकडे काय काय न्यायचं नाही, त्याची जाडजूड वही. एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं आहे: एका रेषेहून कमी बाक असलेल्या, जोडीने घासलेल्या चकत्या. म्हणे त्या दुसऱ्याही यंत्रांत बसतात, लढाईच्या. कुठल्या, ते सांगत नाहीत. असेलही खरं. सरकारला काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मी चौकशीला गेले तर तिथल्या कारकुनाने फाइल उघडून माझाच अर्ज माझ्यापुढे धरला. बाकी सगळ्यांचे दोन, कुणाचे अडीच. "बाई, ही ओळ तुमच्या एकट्यांसाठी घालावी लागली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, धाकटे. मी ते घेऊन घरी आले.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला की यंत्र शिट्टी वाजवतंय आणि ऑक्सिजनचा काटा नव्वद टक्क्यांवरून खाली येतोय. चकत्या झिजल्या की असंच होतं. मी म्हणाले, काळजी करू नकोस, नवी जोडी पाठवते. दुसऱ्या दिवशी रुग्णासाठी सवलतीचा अर्ज भरला. त्यात माल घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि शिक्का लागतो. मी तुझ्या घराचा पत्ता लिहिला. अर्ज परत आला, वर लाल शाईत: "घर ही संस्था नाही." मग मी स्वतः कचेरीत गेले. मी आत शिरले की कारखान्यात माणसं उठून उभी राहतात. तिथे मी हातात नंबर धरून बाकावर बसले. पहिल्या खिडकीने तिसरीकडे पाठवलं, तिसरीने पुन्हा पहिलीकडे. शेवटी एका साहेबांनी चष्मा काढून समजूत घातली, "बाई, मनाला लावून घेऊ नका. नियम तुमच्याविरुद्ध नाही, चकतीविरुद्ध आहे." तुमच्याकडच्या हॉस्पिटलने अर्ज केला तर विचार होऊ शकतो, म्हणाले. त्याला नव्वद दिवस लागतील. यंत्र तेव्हा ऐंशीवर होतं.

मग मी मिस्त्रींना सांगितलं, यादीत बसेल अशी वाईट जोडी करा. दीड रेषा बाकाची. ते म्हणाले, "हात बिघडवायचा कसा, बाई? तुम्हीच सांगा." पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम वाकडी घासली आणि सवयीने संध्याकाळी पुन्हा सरळ करून ठेवली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी एकदाची जमली. आपल्याकडच्या यंत्रात घालून पाहिली. काटा बासष्टवर जाऊन थांबला. आम्ही दोघं काट्यासमोर उभे होतो, जणू रागावून बघितलं तर तो वर चढणार होता. हे यंत्र आपल्या चकत्यांवर बेतलेलं आहे. त्याला दीड चालत नाही. त्याला अर्धीच लागते.

तेव्हा मी ते केलं. चांगली जोडी घेतली, मिस्त्रींच्या हातची, अर्ध्या रेषेची. चिठ्ठी पुढे ओढली. आकड्याच्या जागी लिहिलं, दीड. आणि खाली, नेहमीच्याच अक्षरात, मोजलं, तपासलं, खरं आहे. शाई वाळू दिली आणि चिठ्ठी जोडीला बांधली. त्याच दुपारी तुला पहिल्यांदा फोनवर म्हणाले, "निघालंय."

जोडी घेऊन सीमेवर गेले, तर तपासणीच्या खोलीत एक तरुण अधिकारी बाई होती. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी त्या खात्याची माणसं आपल्याकडे एक दिवस शिकायला आली होती, त्यांतली ही. फार नम्रपणे नमस्कार केला. चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि पेटीतून काच काढली. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहिलंय की. तर म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंत. चिठ्ठी नंतर वाचायची, आधी काच ठेवायची." रेषा इतक्या सरळ आल्या की क्षणभर तिलाही त्या बघत राहावंसं वाटलं. मग तिचे डोळे भरले. हात मात्र थांबला नाही; जोडी जप्त केली, पंचनामा लिहिला, माझी सही घेतली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. सगळ्यात जास्त हेच बोचतं. कुणावर चिडायची सोय राहिलेली नाही.

त्यानंतर कारखान्याला कुलूप लागलं नाही, पण माल बाहेर काढायची मनाई झाली. म्हणून मिस्त्री पाटी पुसतात. खटला निकाली निघेपर्यंत माझा पासपोर्टही त्यांच्याकडे आहे, त्यामुळे मी स्वतः येऊ शकत नाही. चांगली जोडी हातात असती तरी माझ्यावर आता सीमेवर नजर आहे. दुसऱ्या कुणाच्या सामानात ती घालणं म्हणजे त्या माणसाला तुरुंगात पाठवणं. सगळे मार्ग मी मोजून बघितले आहेत.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. जोडी निघालेली नाही. कधीच निघाली नव्हती. तीन आठवड्यांत मी तुला चार वेळा "निघालंय" म्हणाले. शेवटचे तीन फोन तर खरं सांगायलाच केले होते. परवा तू काटा अडुसष्टवर आल्याचं सांगितलंस आणि पाठोपाठ विचारलंस, "ताई, आज येईल ना गं?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्याचे दोन्ही भाऊ हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत, म्हणून तो तिथे जायला तयार नाही, आणि ताईची जोडी येतेय म्हणून तूही त्याला नेत नाहीस. माझ्या एका शब्दावर तुम्ही दोघं घरात बसून आहात. फोनवर मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. समोर बसलेल्या बाई तुमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहेत, इथे नातेवाइकांना भेटायला आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं आहे. त्या गाडी बोलावतील आणि सोबत येतील. दाराकडे बघत बसू नकोस. त्याला स्वेटर घाल आणि आत्ता निघा. तो नाही म्हणेल. त्याला म्हण, मापवालीने लिहून दिलंय. भिंतीवरची ती जुनी चिठ्ठी काढ आणि त्या जागी ही धर त्याच्यासमोर:

जोडी येणार नाही. मोजलं, तपासलं, खरं आहे.

तुझीच,
ताई