सगळीच लंगडतात

बाबा,

आओमोरीत सफरचंदांना रंग चढला असेल. यंदा तरी शिडीवर चढू नका, तोडणी काकांना करू द्या. मी तोक्योत मजेत आहे, वेळेवर जेवते.

खोटं कशाला बोलू? मजेत नाही. कार्टून फिल्मच्या या वर्गात आम्हाला चालणारी माणसं काढायची असतात. पहिलं आणि शेवटचं पाऊल सर देतात, मधली चित्रं आपण भरायची. माझे कागद सारखे परत येतात. काल कुसाकासरांनी ते फडफडवून बघितले आणि म्हणाले, "चिहाया, म्हातारा, पोरगी, पोस्टमन, तुझी सगळीच लंगडतात कशी गं?"

वर्ग हसला. मी बघितलं, तर खरंच. लहानपणापासून बागेच्या वाटेवर तुमच्याच मागून चालले ना, बाबा! हाताला दुसरी चाल ठाऊकच नाही.

पुढच्या आठवड्यात शेवटची संधी. नाही जमलं तर काढून टाकतील. आज रडत रडत एक माणूस सरळ चालवला. ताठ, झपाझप जातो. पण त्याच्या मागून जावंसं वाटत नाही.

हाच दाखवू का सरांना? नको म्हणालात, तर घरी येते.

गुडघ्याला शेक घेताय ना?

तुमचीच,
चिहाया