मागावरचा दुसरा माणूस

बाबा, तुमच्या नातीच्या मागे एक माणूस लागला आहे. असं एकदम सांगायला नको होतं, पण लांबण लावलेली तुम्हाला कधीच चालत नसे. काल जेवताना तिनेच सांगितलं, तेही मोबाईलवरची नजर न काढता. "आई, आमच्या ऑफिसात एक जण होता. सोडून गेला, पण गेटवर येऊन थांबतो. मी एचआरला मेल केलाय, पोलिसांत कंप्लेंट दिलीय. तू पॅनिक होऊ नकोस. आणि प्लीज, तू काही करू नकोस." मी म्हटलं, बरं. तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कारण मी इतक्या लवकर कशालाच बरं म्हणत नाही. तिच्याकडे या प्रकाराला नाव आहे, कायद्यात कलम आहे, तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक आहे. माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. माझ्या वेळी तुम्ही होतात, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याबद्दलचा माझा राग पुरता गेलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही बालवाडीत होती, त्यामुळे तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. ते आज करते.

तुमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी नुकतीच कोथरूडला नोकरीला लागले होते. परदेशी कंपन्यांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायचं काम, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बंद कारखान्यांतल्या कामगारांना नवं काम शिकवायला सरकारने पैसे काढले होते. जुने उद्योग जाणार, नवे येणार, मधल्या माणसांनी मधल्या वेळात शिकून घ्यावं, असा साधा विचार. विद्यावेतन मिळणार होतं, शेवटी प्रमाणपत्र आणि स्वतःचं दुकान काढायला हत्यारांची पेटी. अट एकच, हजेरी. तुम्ही फ्रिज आणि एसी दुरुस्ती निवडली. विश्रांतवाडीच्या आपल्या घरात, ओट्याला टेकून तुम्ही आईला समजावताय, "हिच्या ऑफिसात माणसं घामाने भिजली तरी चालतं, कॉम्प्युटर तापून चालत नाही. आता मशीनला गार ठेवणाऱ्याचे दिवस आलेत." आई भाकरी थापता थापता म्हणते, "आधी आपल्या घरात फ्रिज येऊ द्या." तुम्ही हसलात. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आपल्या घरात एक नियम होता, वाचत बसलेल्या माणसाला कामासाठी उठवायचं नाही. पंचेचाळिशीत तुम्ही वही घेऊन बसायला लागलात, आणि आई तुम्हाला दळण आणायलासुद्धा सांगेनाशी झाली.

माझ्या मागे लागलेला माणूस आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या क्लासमध्ये शिकवायचा. इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणं, मोटरसायकल. आधी नुसता जिन्यात हसायचा. मी हसले नाही. मग मी संध्याकाळी स्टॉपवर उभी राहिले की तो समोर मोटरसायकल लावून बघत बसायला लागला. बोलायचं काहीच नाही. बस निघाली की तो बसच्या बाजूने मनपाच्या बसस्थानकापर्यंत यायचा, आणि मी विश्रांतवाडीची बस पकडली की एखाद दिवस तिच्याही मागे. ऑफिसात फोन यायचे, मी घेतला की पलीकडे शांतता. साहेब म्हणाले, "पर्सनल फोन ऑफिसात नकोत." शेजारच्या टेबलावरची मुलगी स्वभावाने वाईट नव्हती. ती म्हणाली, "अगं, तिकडचाच असेल कुणीतरी, तुमच्या भागातला." तुमच्या भागातला म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. एका रविवारी तो आपल्या चौकात पानाच्या टपरीपाशी उभा दिसला, तेव्हा मी तशीच मागे फिरून घरी आले. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "नोकरी सोड." आणि तिने ते तुमच्या कानावर घातलं. तुम्ही ताटावरून मान वर न करता एवढंच म्हणालात, "कामावर जायचं थांबवायचं नाही." कोण, कुठला, दिसतो कसा, एक प्रश्न नाही. मला वाटलं, तुम्ही हे हसण्यावारी नेलं. घरात दुसरा पगार नव्हता, तेव्हा हे असं बोलणारच, असंही वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला दुसरा माणूस दिसायला लागला.

थंडी होती. हा माकडटोपी घालायचा, वर मफलर. स्टॉपच्या मागच्या झाडाआड उभा असायचा. मी पुढे बायकांच्या सीटवर बसले की हा मागच्या गर्दीत. मी वळून पाहिलं की खाली बघायचा. मोटरसायकलवाल्याची मला सवय होत आली होती, भीतीचीसुद्धा होते, पण हा कोण ते कळेना. पहिल्याने याला कामाला लावलं असेल का? सकाळी ऑफिसच्या रस्त्यावरही पाठीमागे त्याचीच चाहूल. माझं जेवण सुटलं. टाइप करताना चुका व्हायला लागल्या, आणि साहेबांनी जवळ बोलावून विचारलं की तुम्हाला नोकरी करायची आहे ना. तुम्ही माझ्या आधी घराबाहेर पडायचात, ट्रेनिंगला. मला तुमचा हेवा वाटायचा, की यांना किती सरळ रस्ता आहे.

शेवटी मी चौकीत गेले. शेजारच्या टेबलावरची सोबत आली, हे तिचे उपकार. टेबलाशी बसलेल्या जमादारांनी विचारलं, "हात लावला का?" नाही. "काही बोलला का?" नाही. "मग तक्रार कशाची लिहू? रस्ता सरकारचा आहे." तिथल्या महिला हवालदार मात्र उठून बाहेर आल्या. म्हणाल्या, "किती जण आहेत?" मी म्हटलं, दोघं, एक मोटरसायकलवाला आणि एक टोपीवाला. "म्हणजे टोळीच दिसते. उद्या मी साध्या साडीत येते. तू नेहमीसारखी चाल. वळून बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखी चालतेय, शेजारच्या टेबलावरची बरोबर आहे. मोटरसायकल त्या दिवशी आलेली नाही. पाठीमागे पावलं आहेत. मग झटापट, आणि बाईंचा आवाज, "थांब रे, कुठे निघालास?" मी वळते. बाईंनी एका माणसाची कॉलर धरली आहे, टोपी ओढून काढली आहे, आणि तुम्ही उभे आहात. हातात आईने दिलेली डब्याची पिशवी.

"बाई, मी बाप आहे तिचा."

"सगळे कुणाचे ना कुणाचे बाप असतात. चला."

शेजारच्या टेबलावरची माझ्याकडे बघते, मग तुमच्याकडे. "हे तुझे बाबा?" मी हो म्हणते. भोवती कोथरूडचं पब्लिक जमलं आहे, भाजीच्या पिशव्या घेऊन. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, शर्टाची कॉलर सरळ करताय. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, हो ना? मला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही. इतके दिवस निम्मी भीती मी तुमची बाळगली होती. मी ओळखू नये म्हणून शेजाऱ्याची टोपी मागून आणलीत, आणि पोटच्या मुलीला सांगायचं तेवढं सुचलं नाही?

एक मात्र झालं. चौकीला आता साक्षीदार मिळाला. दोन दिवसांनी त्यांनी मोटरसायकलवाल्याला बोलावलं. तो आपल्या मामाला घेऊन आला, मामा कोर्टकचेरीतला, गोड बोलणारा. भाचा म्हणाला, मी रोज त्याच रस्त्याने घरी जातो, हिला कोण विचारतंय. तुम्ही म्हणालात, "खोटं आहे. मी रोज पाहिलंय. विश्रांतवाडीपर्यंत येतो." मामाने हळूच विचारलं, "काका, आपण करता काय?" तुम्ही सांगितलं, सरकारी ट्रेनिंगला आहे. "दिवसभराचं?" हो. "शहराच्या दुसऱ्या टोकाला, ना? मग आपण तिथे शिकत होतात की इथे झाडामागे उभे होतात? मस्टर मागवलं तर काय निघेल?"

मी तुमच्याकडे पाहिलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तुम्ही दुपारच्या सत्रातून तर रोज उठून येत होतात, आणि पुष्कळ दिवस सकाळीही गेला नव्हतात. कारखान्यात तुमच्या शेजारच्या मशीनवर असायचे ते काका तुमची सही ठोकत होते. पाळीत एकमेकांना सांभाळून घ्यायची तुमची जुनी रीत. लेथवर ती खपली, सरकारी पैशावर चालणाऱ्या वर्गात तिला लबाडी म्हणतात. आता गप्प बसलात तर मस्टर खरं ठरणार, तुमचं प्रमाणपत्र आणि पेटी शाबूत राहणार, आणि मामाचा भाचा उद्या पुन्हा स्टॉपवर. बोललात तर तुमचं सगळं जाणार. चौकीतला पंखा बंद होता आणि बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरूच होत नव्हती. मी म्हटलं, "बाबा, नको." तुम्ही म्हणालात, "तू बस." आणि मग जमादारांना, "मागवा मस्टर. त्यातल्या सह्या खोट्या आहेत. मी इथे होतो."

"कोणी केल्या सह्या?"

"माझ्या सांगण्यावरून झाल्या. एवढंच लिहा."

"लिहून देणार?"

"देतो."

त्या माणसाकडून हमीपत्र घेतलं, मोटरसायकल काही दिवस चौकीच्या आवारात उभी राहिली, आणि पुढच्या महिन्यात त्याचा क्लास तिथून हलला. माझी नोकरी राहिली. तुमचं नाव योजनेतून कमी झालं. तिथल्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं की या जागेवर दुसरा एखादा गरजू शिकला असता, आणि घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, त्यांचं बरोबर आहे. तुमच्या त्या बरोबर आहे म्हणण्याचासुद्धा मला राग आला. त्या दिवशी चौकीतून परत येताना बसमध्ये आपण पहिल्यांदाच शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, मला सांगायचं होतंत. तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"मग नकोच होतं."

"म्हणून तर नाही सांगितलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

पुढे तुम्ही एका आयटी कंपनीच्या इमारतीत वॉचमन झालात. मागच्या भिंतीला एसीची खोकी ओळीने लावलेली, त्यांची गरम हवा थेट तुमच्या खुर्चीवर. एकदा मी डबा द्यायला आले तेव्हा तुम्ही वर बोट दाखवून म्हणालात, "त्या तिकडच्याचा आवाज बरोबर नाही. बिघडलंय काय ते शिकायचं मात्र राहिलं." तुम्ही ते सहज बोललात. मी रिक्षात बसल्यावर रडले. वर्गात बसलेल्या माणसाला उठवलं होतं, आणि ते माझ्यामुळे. त्या चोरट्या बघणाऱ्याने माझं जे नुकसान केलं ते मी कधीच विसरून गेले, पण त्याने तुमचं जे केलं ते नाही. तुम्ही मला विचारलं असतंत तर आपण दोघं पहिल्याच आठवड्यात चौकीत गेलो असतो, तुम्ही एक दिवस बुडवला असतात, फार तर दोन. माझं भांडण एवढंच आहे. मी लहान नव्हते. माझ्या मागे चालायचं की बरोबर, ते मला विचारायला हवं होतं.

म्हणून काल तुमच्या नातीला मी बरं म्हणाले. तुमच्यापेक्षा शहाणं व्हायचं मी फार आधीच ठरवून ठेवलं होतं. सकाळी तिला फक्त विचारलं, "मी येऊ का न्यायला?" ती म्हणाली, "नको आई. मैत्रिणी आहेत, कॅब आहे, मी कॅबमधून लोकेशन टाकते." ती नको म्हणाली म्हणजे नको. मी दिवसभर कुणाला फोन केला नाही, तिच्या ऑफिसकडे, हिंजवडीच्या रस्त्याला फिरकले नाही, घरात बसून तुम्हाला हे लिहिते आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, त्यामुळे यात तरी खरं लिहिते. झाडामागे उभं राहणं अवघड असेल असं मला वाटायचं. तुम्ही तिथे उभे होतात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर मी होते.

ती निघाली असेल आता. लोकेशन अजून आलेलं नाही. मघाशी मी उठून दारापर्यंत गेले, कडी काढली, आणि तिला दिलेला शब्द आठवून परत येऊन खुर्चीवर बसले. पायातली चप्पल मात्र अजून काढलेली नाही.