पिल्लांना ओढणार नाही असा फिल्टर

१२ फेब्रुवारी
सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्हीदा यांनी कप ढकलला. तिसऱ्यांदा तर चादरीवरच सांडला. "चहा, चहा" म्हणून राहिले आणि बोट फिशटँककडे. लकव्याला चार महिने होतील. उजवा हात थोडा परत आला, शब्द नाही आले. समजतं सगळं, पण तोंडातून भलतंच निघते. काल चष्म्याला बस म्हणाले.
टाकीत एंजल माशांच्या जोडीची पिल्लं आज पानावरून सुटून पोहायला लागली. इतकुशी. यांना दाखवलं तर हसले नाहीत. पुन्हा तेच, "चहा!"
मी चिडली. चिडायला नको होतं.

१३ फेब्रु.
टाकीत एकही पिल्लू नाही.
वाटलं, आईबापांनीच खाल्ली. मग फिल्टर बंद करून उघडला. आत सगळी स्पंजला चिकटलेली. मोहरीएवढी, डोळे मात्र दिसत होते. हे खुर्चीतून पाहून राहिले होते. लपवता आलं नाही.
नंतर स्वतःसाठी चहा टाकला. गाळायला घेतला आणि हात थांबला. चहा नाही, गाळणी. यांना फिल्टर म्हणायचं होतं. बंद कर, पिल्लं ओढली जातील, हेच दिवसभर सांगून राहिले होते आणि मी साखर कमी-जास्त करत बसली.
गाळणी तशीच घेऊन बाहेर आली, यांच्यापुढे धरली. "हे म्हणत होता ना?"
यांनी डोळे मिटून घेतले. दुपारी जेवले नाहीत. मीही.

१५ फेब्रु.
मुग्धाचा पुण्याहून फोन. "आई, मासे देऊन टाक ना कोणाला. बाबांचं करशील का त्या टाकीचं? आणि तुम्ही दोघं इकडे या, किती दिवस म्हणून राहिली मी." लेकीचं चूक नाही. मी "पाहू" म्हटलं.
फोन ठेवला तर हे माझ्याकडेच पाहत होते. इथल्या खमरियाच्या फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते हे. घरातला पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, कशालाच बाहेरचा माणूस लागला नाही. आता माझ्या हातात एक स्क्रू फिरत नाही आणि यांना सांगता येत नाही.

१८ फेब्रु.
घरून, रांझीहून, बसनं सदरच्या बाजारात गेली. माशांच्या दुकानात सरळ विचारलं, पिल्लं मरणार नाहीत असा फिल्टर कोणता. दुकानदार म्हणाला, "दीदी, या तो पाइप के मुँह पर जाली बाँध दो, या ये स्पंज वाला ले जाओ. हवा के पंप से चलता है, खींचता बहुत धीरे है."
मला काय कळते? म्हटलं, भैया, निवडणारा घरी आहे. दोन्ही नेते, एक परत आणते. तो हो म्हणाला.
घरी येऊन दोन्ही यांच्या मांडीवर ठेवले. यांनी जाळीवर अंगठा दाबून धरला, मग उचलून मला दाखवला. अंगठ्यावर जाळीचे चौकोन उमटले होते. नाजूक पिल्लू तिथंच चिकटून मरेल, असं म्हणायचं असावं. स्पंज हातात घेतला, दोनदा दाबला, आणि माझ्याकडे सरकवला.
"हाच?"
मान हलवली. पक्की.

१९ फेब्रु.
स्पंज धुऊन, पिल्लांसाठी काढलेल्या लहान टाकीत लावायला निघाली तर यांनी टेबलावर हात आपटला. "शाळा! शाळा!" आज चिडली नाही. खाली बसली. लहान टाकी दाखवली, नाही. मोठी दाखवली, हो. स्पंज मोठ्या टाकीत? हो, हो. पण शाळा काहून?
दुकानदाराला फोन केला. म्हणाला, नवा स्पंज पाणी साफ करत नाही. दोन-तीन हफ्ते पुराने टैंक में चलाओ, त्यात चांगले जंतू बसले पाहिजेत. आणि नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीच्याच पाण्यात पिळायचा.
म्हणजे स्पंज आधी शिकायला घालायचा होता. शब्द बरोबरच होता की!
किती दिवसांनी हसली. हेही.

९ मार्च
मधे एकदा अंडी झाली, पांढरी पडून गेली. काल पुन्हा. अंडी चिकटलेलं पान तसंच कापून लहान टाकीत ठेवलं, पाणी मोठ्या टाकीचंच. आज स्पंजही तिथं आणला. बुडबुडे जोरात आले तर यांनी हातानं खाली, खाली केलं. इतके कमी केले की मोजता येतील.

१६ मार्च
पिल्लं पोहून राहिली. स्पंजला टेकतात आणि निघून जातात. अर्धा तास पाहत उभी होती मी.
घाण काढायला बारीक नळी लावली. तिचं तोंड दाबून धार कमी ठेवावी लागते. ते यांनी केलं. उजव्या हातानं. व्यायाम शिकवणारे भैया रोज त्याच चिमटीसाठी मागे लागतात, त्यांना मात्र कधी करून दाखवत नाहीत.

१९ मार्च
सकाळी सात पिल्लं तळाशी मेलेली. स्पंजवर एकही नाही, म्हणजे फिल्टरनं नाही गेली. मग कशानं? यांनाही कळलं नाही. बराच वेळ काचेला कपाळ लावून बसले होते.
मुग्धा रविवारी येते आहे. आमच्या पुण्याच्या तिकिटाचं बोलायला.

२१ मार्च
आज एकच मेलं. बाकीची खातात, खाण्याच्या रंगानं पोटं नारंगी दिसतात.
मी स्वयंपाकघरात होती. बाहेरून हाक आली, "शालू!" पाच महिन्यांत मला मारलेली पहिली हाक. शालू यांची धाकटी बहीण, ती जाऊन बारा वर्षं झाली.
भाजीवरचं झाकण हातात तसंच. पुन्हा आली, "शालू, ये."
"आली," म्हटलं.