फुफीच्या झेंड्याची उलटी बाजू

आर्णी,
शुक्रवार, सकाळ

ती. धनीबाई फुफीच्या चरणी लखनचा दंडवत.

जय सेवालाल. आम्ही इकडे खुशाल आहोत. तू, फुफाजी, दोन्ही म्हशी आणि यंदाची सगळी बकरीची पिल्लं खुशाल असाल अशी आशा करतो. तुझे गुडघे कसे आहेत? याडीने (म्हणजे माझ्या आईने, जशी फुफी म्हणजे आत्या; तुला हे सांगायची गरज नाही, पण कॉलेजात गेल्यापासून मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय लागली आहे) पाठवलेलं तेल गुडघ्यांना लावतेस, की देवाजवळ ठेवून त्याच्या पाया पडतेस? फुफाजींच्या चष्म्याची तुटलेली काडी बसवून झाली का? ती बसणं फार गरजेचं आहे, का ते शेवटी सांगतो. त्यांना माझा नमस्कार सांग, पण या पत्रातलं बाकी काहीही सांगू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू 'जेवला का' विचारतेस, मी 'जेवलो' म्हणतो, आणि खरं बोलणं सुरू झालं की तुमच्या ढाणकीकडची रेंज जाते. फुफाजी फोनवर असले तर मुद्द्याचं काही निघायच्या आतच जाते. म्हणून यावेळी कागद. तो मध्येच कापता येत नाही. तर फुफी, आधी आभार. तू पाठवलेल्या झेंड्याबद्दल मी तुझे इतके आभार मानतो की ते एका पत्रात मावणार नाहीत, पण एसटीने पार्सल पाठवायला कंडक्टर आता तोंड वाकडं करतात, म्हणून यातच मावून घे.

तुला वाटत असेल, भाच्याने झेंडा मागितला, आपण शिवून दिला, संपलं. तसं नाही. तुझी लेक उर्वशी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन आहे हे तुला माहीत आहेच, पण तिचे सामने बघायला कोण येतं हे माहीत नसेल. कोणीच येत नाही. मुलांचं क्रिकेट असलं की प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे मैदानावर, आणि मुलींची कबड्डी असली की समोरचा संघ, पंच आणि कुंपणातून आत शिरलेली एखादी गाय. म्हणून मी आणि माझा मित्र प्रफुल्ल, आम्ही समर्थक मंडळ काढलं. मी अध्यक्ष, तो सचिव, सभासद नंतर मिळणार होते. (मीसुद्धा मुलांच्या संघात जाणार होतो, पण चढाईला गेलो की दुसऱ्याच 'कबड्डी'ला माझा दम संपायचा. सर प्रेमाने म्हणाले, लखन, तू टाळ्या छान वाजवतोस.) मंडळ म्हटलं की झेंडा पाहिजे. तिथून सगळं सुरू झालं.

पहिला झेंडा आम्ही फ्लेक्सवर छापायला दिला. प्रफुल्लने मोबाइलवर वाघ काढला होता. बरा होता, थोडा मांजरीच्या वळणावर गेला होता. पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला एकच मांडणी येते, ती म्हणजे मध्ये मोठा चेहरा, खाली गोलात छोटे चेहरे आणि कोपऱ्यात गुलाबाची फुलं. त्याने मोठ्या जागी वाघ बसवला, खाली गॉगल घातलेला मी आणि प्रफुल्ल, आणि त्याखाली 'शुभेच्छुक'. फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर बांधला तर दुपारपर्यंत लोक विचारत होते, वाढदिवस कोणाचा आणि केक कुठे आहे. संध्याकाळी वाऱ्याने तो उडवून नेला. सध्या बसस्टँडमागे कोणाच्या तरी कुटाराच्या ढिगावर तो अंथरलेला आहे आणि वाघ तिथे जनावरांचा चारा राखतो.

मग ठरलं, कापडाचा करू. आता कापड म्हटलं की रंग आला, आणि रंग म्हटलं की फुफी, आपल्या जिल्ह्यात एकही रंग मोकळा नाही. भगवा म्हटला की एकजण खूश आणि दुसरा गप्प. निळा म्हटला की प्रफुल्ल खूश आणि तिसरा गप्प. हिरव्याचं तसंच, पिवळ्याचं तसंच. मी हळूच पांढरा सुचवला, कारण आपल्या तांड्यावर देवळापुढे पांढराच झेंडा असतो आणि तो पाहिला की मला घरी आल्यासारखं वाटतं, तर सगळे इतकं गोड हसले की मीच विषय बदलला. लाल हा वणीच्या कॉलेजचा, सामना त्यांच्याशीच. काळा निषेधाचा. शेवटी एकमताने वांगी रंग ठरला, कारण तो कोणाचाच नव्हता, पण आर्णीच्या बाजारात वांगी रंगाचं कापड ब्लाउजपिसापुरतंच निघालं. भांडण कोणीच केलं नाही, पण सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे बोलायला लागले, आणि ते भांडणापेक्षा वाईट. तेव्हा उर्वशी सरावावरून घामाघूम येऊन म्हणाली, "माह्या याडीले सांगा. तिच्या ट्रंकेत साऱ्या रंगाच्या चिंध्या हायेत. थे कोणाले विचारत बसत नाही."

फुफी, तू खरंच कोणाला विचारलं नाहीस. सगळे रंग तू असे काही जोडलेस की कोणता मोठा आणि कोणता छोटा हे शोधून सापडेना. (प्रफुल्लने टेप लावून मोजलं. त्याला काय सापडलं ते तो सांगत नाही, पण तेव्हापासून झेंडा तोच घडी करून ठेवतो.) त्यावर आपल्या पद्धतीचे टाके, कवड्या, आणि सगळीकडे आरसे. आम्ही वाघ सांगितला होता, तू बैल काढलास. वर निरोप पाठवलास, "वाघ मायी बकरीची पाट नेऊन बसला. त्याले झेंड्यावर कायले बसवू?" बैल आमच्या मनात असा बसला की आता वाघाचं नाव काढलं तर वाईट वाटतं. कपाळावर मोठा आरसा, वशिंडावर आरसे, पाठीवरच्या झुलीवर तर विचारूच नकोस. माझ्या पणज्याच्या बापाने धान्याच्या गोण्या लादून असेच बैल मुलखातून नेले असतील, आणि तोच बैल आता एसटीत माझ्या मांडीवर बसून वणीला निघाला होता. मी रडलो नाही, पण खिडकीबाहेर बराच वेळ पाहत होतो.

वणीचा सामना म्हणजे सेमीफायनल. झेंडा पाहून आमच्या कॉलेजची एवढी मुलं सोबत आली की मंडळाला प्रथमच सभासद मिळाले. दुपारचं ऊन, मैदान उघडं. मी बांबूवर झेंडा चढवला, फडकवला, आणि समोरच्या संघाची मुलगी चढाईला आली ती डोळ्यांवर हात घेऊन खालीच बसली. आम्हाला वाटलं, आमच्या आवाजाला घाबरली. आम्ही आणखी ओरडलो, मी आणखी फडकवला. मग उर्वशी चढाईला गेली. दोघींना शिवून परत फिरली, मधली रेष हातभर राहिली, आणि बैलाच्या कपाळाचा लख्ख कवडसा तिच्या डोळ्यांत गेला. ती थांबली, आणि तेवढ्यात त्यांनी तिला धरलं. बाद होऊन बाहेर जाताना तिने आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर तुझ्याकडून आली आहे हे मला तेव्हा कळलं. पंच शिट्टी वाजवत आले आणि म्हणाले, "झेंडा हाय का आरसेमहाल? उलटा करा, नाही तं घेऊन जा बाहेर."

मी उलटा केला. आणि फुफी, उलट्या बाजूला तू अस्तर म्हणून काय लावलं आहेस हे मला आधी सांगायला काय झालं होतं? टाक्यांच्या गाठींआडून मोठ्या निळ्या अक्षरांत: 'आपल्या हक्काचा माणूस बाबूसिंग राठोड यांना प्रचंड मतांनी विजयी करा. निशाणी कपबशी.' खाली वाफ निघणारी कपबशी, हाताने रंगवलेली.

(फुफाजींची गोष्ट तुला माहीत आहे, पण प्रफुल्लला मी तिथेच घाईघाईने समजावली ती अशी. फुफाजी ग्रामपंचायतीला उभे राहिले, गावभर चहा पाजला, आणि मतं इतकी कमी पडली की घरात जेवायला बसणारी माणसं जास्त होती. तेव्हापासून ते वावरात मागच्या वाटेने जातात, लग्नात स्वयंपाक्यांजवळ बसतात, आणि उर्वशीच्या एकाही सामन्याला आले नाहीत. ती बोलावते तेव्हा म्हणतात, "लोक माह्या तोंडाकडं पाहतीन, तू खेळ." ते बॅनर त्यांनी जाळायला सांगितलं होतं. तू ट्रंकेत ठेवलंस, हे मला उर्वशीने नंतर सांगितलं. हे फुफाजींना कळू देऊ नकोस.)

मी झेंडा खालीच घेणार होतो. पण कुंपणापलीकडे कोळशाचे ट्रक उभे होते, ड्रायव्हर लोक चहा पीत होते, त्यांतला एक ओरडला, "अबे, हा बाबूसिंग कोन हाय? इथं इलेक्शन हाय का?" मी बांबू खाली करू लागलो. प्रफुल्लने करू दिला नाही. तो बांबूला धरून ओरडला, "उर्वशीचा बाप हाय! बाहेर बसली थे!" आणि ट्रकवाल्यांनी सुरू केलं, "बाबूसिंग तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" आमच्या मुलांनी उचललं. यजमान कॉलेजचे समर्थक आधी हसले, पण त्यांच्या स्वतःच्या घोषणा संपल्या होत्या, मग तेही यात घुसले. उर्वशी पुन्हा आत आली तेव्हा पूर्ण मैदान बाबूसिंग, बाबूसिंग करत होतं. तिने गुण घेतला की तो ड्रायव्हर चहाचा कागदी कप वर उचलायचा, आणि बशी नाही म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा कपाखाली धरायचा. फुफाजींना जेवढी मतं पडली त्याच्या कितीतरी पट माणसं त्यांच्या नावाने ओरडत होती, आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी चहा पाजला नव्हता.

आपण जिंकलो. बैल पाठीमागे, बाबूसिंग पुढे, असे जिंकलो. परतताना गाडीत उर्वशी झेंडा मांडीवर घेऊन बसली होती, अक्षरांची बाजू वर. मग म्हणाली, "बापूले ऐकू गेलं असतं तं?" मी म्हटलं, "वणीहून ढाणकी लय दूर हाय." ती म्हणाली, "हाव नं." आणि कपबशीवरून हात फिरवत राहिली. मला वाईट वाटलं, फुफी. मी झेंडा धरणारा माणूस, मला एवढ्या आनंदात वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, पण वाटलं.

तर असे तुझे उपकार. सगळ्या रंगांबद्दल, बैलाबद्दल, आणि जे जाळायचं होतं ते न जाळता घडी करून ठेवल्याबद्दल. आम्हाला माणसं पाहिजे होती, तू झेंड्याच्या पाठीत माणूसच शिवून पाठवलास.

तुझ्या सुईचा आणि गुडघ्यांचा ऋणी,
लखन

ता. क. झेंड्याचा एक कोपरा उसवला आहे. मी तिथे सेफ्टी पिन लावली आहे. तू पाहिल्यावर शिव्या देशील, त्यांची आम्ही वाट पाहतो आहोत.

ता. क. फायनल पुढच्या रविवारी यवतमाळला आहे. वणीत सामना संपल्यावर कोणीतरी आमच्या सरांना विचारलं, हे बाबूसिंगजी कोण? सरांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी रुबाबात सांगितलं, आमचे मार्गदर्शक. आता कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं आहे, 'समर्थकांच्या ध्वजाचे अनावरण मा. बाबूसिंगजी राठोड यांच्या हस्ते'. तेव्हा फुफाजींना काहीतरी निमित्त काढून घेऊन ये. बाजार म्हण, दवाखाना म्हण, गुडघे पुढे कर. खरं काय ते त्यांना एसटीत बसल्यावरच कळू दे.

ता. क. फुफाजी, नमस्कार. फुफीला अक्षर वाचता येत नाही आणि घरात वाचणारी उर्वशी इथे आमच्याकडे राहते, तेव्हा हे पत्र पहिल्या ओळीपासून तुम्हीच वाचून दाखवत आहात हे मला लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं. चष्म्याची चौकशी त्यासाठीच केली. वणीच्या घोषणा तुम्ही हळू आवाजात वाचल्या असतील. फुफी, त्यांना तेवढा भाग पुन्हा वाचायला लाव, मोठ्याने. आणि फुफाजी, कागद खाली ठेवू नका. पुढच्या ओळी माझ्या नाहीत.

बापू, त्या दिवशी सारं मैदान तुमचं नाव घेऊन राह्यलं होतं. मी चारही बाजूनं पाह्यलं, तुम्ही कुठीच दिसले नाही. रविवारी समोर बसा. लोकायले पाहू द्या तुमच्या तोंडाकडं. चहा मी आणीन, कपबशीतच. — उर्वशी