आबांची गाडी

राजारामपुरी, कोल्हापूर

अक्का,

आबांची लाल स्पोर्ट्स गाडी मी पुन्हा चालू केली, एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं. पुढचं सांगायचं धाडस झालं नाही.

मला तिच्यावर शर्यत जिंकायची होती. म्हणून रेसिंगचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, सगळं नवं घातलं. आबांनी चाळीस वर्षं जपलेलं जुनं इंजिन फौंड्रीत वितळवायला दिलं. शर्यत जिंकलोही. पण जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नाव द्यायला गेलो, तर तपासणारे म्हणाले, "हिच्यात जुना फक्त पत्रा उरलाय. मूळ गाडी म्हणून आम्ही हिला घेणार नाही." मी त्यांच्याशी भांडून आलो.

रविवारी आबांना गाडीत बसवलं. दृष्टी गेली तरी त्यांची आठवण लख्ख आहे. त्यांनी डॅशबोर्ड चाचपला, गिअरवर हात ठेवला. मी गाडी चालू केली. बराच वेळ आवाज ऐकून ते म्हणाले, "झ्याक हाय. कुणा पावण्याची रं? त्येची त्येला दे आन् आपली काढ. क्रांतीला आणाया बेळगावला जाऊया की."

"आपली दुरुस्तीला दिलीय," मी म्हणालो.

तेव्हापासून तुला आणायला निघायचं म्हणून ते रोज सकाळी बूट घालून दारात बसतात. तू आलीस तर मला खरं बोलावं लागेल. म्हणून दिवाळीला येऊ नकोस, असं लिहायला बसलो होतो. तेही तुला कुठल्या तोंडानं कळवू?

तुझा धाकटा,
धैर्यशील