हातावर घातलेलं आईस्क्रीम

सांताक्रूझ विमानतळ, मुंबई
मे १९५७

तीर्थरूप आईच्या पायांवर जोतीरामचं डोकं.

सिंधू, आईला हे सावकाश वाचून दाखव.

आई, निघायच्या सकाळी मांजरानं विरजण सांडलं आन् माझ्या हातावर दही न घालताच तू मला वाटंला लावलंस. दोन वर्सं जर्मनीत साखर कारखान्याची मशीन शिकायला चाललेलं पोर कोरड्या हातानं गेलं, म्हणून तू धड जेवत नसशील.

तर ऐक. विमानाला अजून येळ हाय. माझ्यासंगं निघालेले इंजिनेर दत्तोबा हितल्या हाटेलात आईस्क्रीम खायला घेऊन गेले. दुधा-साखरेचं, पांढरंशुभ्र, गारेगार. मी उजवा हात पुढं केला आन् वेटरला म्हणालो, "हितं घाला." दत्तोबांनी लाजून मान खाली घातली. पण वेटर आपल्या इंदापूरचा निघाला. त्यानं विचारलं, "घरनं निघताना दही न्हाय मिळालं व्हय?" आन् चमच्यानं बरोबर तळहातावर ठेवलं.

हात बधिर झाला, पण मी सगळं चाटून खाल्लं. मग दत्तोबांनीबी हळूच हात पुढं केला.

म्हशीला वैरण कोण घालतंय? विमानाची काळजी करू नगंस, चाकं चांगली जाड हायेत. मी दोनदा बघून आलो.

शकुन झालाय, आता पोटभर जेव. मांजराला मारू नगंस.

कागदाला खाली डाग पडलाय तो आईस्क्रीमचा हाय. दुसरं काय समजू नगंस.

तुझा, चिकट हाताचा,
जोतीराम