जमिनीवर दिलेला होकार

योंगथाय,
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय रनशान भाऊजी,

च्याओयुनचा नमस्कार. तुम्ही आणि घरची सगळी बरी असाल, असं धरून चालते. इतक्या वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणून दचकू नका. हे, तुमचे दादा, आहेत अजून.

उन्हाळ्यात वाळवलेले आलुबुखार सोबत पाठवते आहे. लाल तांदळाची दारू यंदा घातली नाही. मडकी हलवायला घरात कोणी नाही. अक्षर वाईट आलंय, ते थंडीमुळे समजा.

यांची तब्येत तशी ठीक. जेवतात, उन्हात बसतात. माणसं मात्र ओळखत नाहीत. मला कधी आई म्हणतात, कधी नुसतंच बघत राहतात. गुडघे गेलेत, त्यामुळे अंगणात पडतात. पडण्याचं काही नाही, जमिनीवर लोळून लढण्यातच तुम्हा दोघांचं तरुणपण गेलं. उचलणं अवघड. कोणी वरून वाकलं की यांना वाटतं, अंगावर आला. मग तुमच्या त्या श्वानविद्येतली, कुत्र्यासारखं जमिनीवरून लढायच्या कलेतली, पायांची कात्री घालून समोरच्याला पाडतात. मुलाचं नाव विसरले, कात्री विसरले नाहीत. शेजारचा होंगताओ मदतीला धावला आणि गुडघा धरून घरी गेला. आता हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही.

मलाही पाडलं. खरं सांगते भाऊजी, थंडीचं काही नाही. उजवं मनगट मोडलंय, डाव्या हाताने लिहिते आहे.

शाओहाय फूचौहून आला. माझा हात बघून म्हणाला, आई, आता पुरे. शहरात म्हाताऱ्यांसाठी एक जागा त्याने बघून ठेवली होती. मी विचारलं, तिथे बाबांनी पाय चालवले तर? पोरगा माझ्या हाताची पट्टी नीट करू लागला. मग म्हणाला, पलंगाला बांधतात, पण पट्टे मऊ असतात.

मी हो म्हटलं. फार थकले होते.

त्यानंतर एका दुपारी हे पुन्हा पडले. उचलायला माझा हात नव्हता, बोलवायला माणूस नव्हतं. मी यांच्या शेजारी फरशीवर आडवी झाले. त्यात युक्ती काही नव्हती, पाय उभे राहीनात म्हणून. यांनी कात्री घातली नाही. कूस वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रनशान, आलास?"

जमिनीवर उतरलेला तो आपल्यातला, एवढं यांच्यात कुठेतरी उरलंय. मी म्हटलं, "आलो, दादा."

"तुला सगळ्यांसमोर माकडवाला म्हणालो."

"हो."

"राग गेला?"

शियामेनला तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे तुम्ही या विद्येचा खेळ केलात म्हणून यांनी तुम्हाला दारातून परतवून लावलं, तेव्हा मी आत चहा करत होते. पुढे या घरात तुमचं नाव काढायची कोणाची छाती झाली नाही. आणि आता तेच माझी बाही घट्ट धरून उत्तराची वाट बघत होते.

"गेला," मी म्हटलं.

मग माझ्या खांद्यावर भार देऊन हळूच उठून बसले आणि भात मागितला.

शाओहायला कळवलंय की बाबा कुठेही जाणार नाहीत. तो रागावलाय. हल्ली हे पडले की मी खाली झोपते, आणि हे माझ्या आधाराने शहाण्यासारखे उठतात. पण उठताना दरवेळी तेच विचारतात, आणि मी तेच सांगते.

तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने माफी देऊन बसले आहे. तुमच्या मनात ती नसेल तर स्पष्ट कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. असेल तर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगा. फूचौहून सकाळची बस आता पुलापर्यंत येते. माझ्या वयाला रोज जमिनीवर झोपणं झेपत नाही, आणि त्याहून हे खोटं झेपत नाही.

तुमच्या नावाने "गेला" म्हणून म्हणून दमलेली,
तुमची वहिनी
च्याओयुन